सुगरणीचा खोपा कोण विणतो?

या भित्तिपत्रकात मी सुगरण पक्ष्याची माहिती देत आहे. सुगरण आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला जे खोपे लोंबतात ते तिचेच. पण खोपा कोण विणतो, कसा विणतो, आणि काही खोपे अर्धवट का राहतात, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ते कळले म्हणजे कोणता खोपा रिकामा आणि कोणत्या खोप्यात पिल्ले, हे खालूनच ओळखता येते. गणपतीपुढे आरास करायला खोपा काढावा की नाही, हेही मग आपले आपल्याला समजते.

सुगरण कशी दिसते

सुगरण पक्षी चिमणीएवढा असतो. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नर व मादी दोघेही मातकट दिसतात. चिमणी समजून आपण पुढे जातो. पण पावसाळा आला की नराचा थाट बघावा! त्याचे डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. गाल आणि गळा काळपट तपकिरी होतो. एमआयडीसीतल्या कंपनीत माझे पप्पा पिवळी टोपी घालून काम करतात. नराचे डोके अगदी तसे दिसते. मादी मात्र वर्षभर साधीच राहते.

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यात सुगरणीला लागते ते सगळे आहे. विहिरी आहेत, पाटाचे पाणी आहे, बांधावर गवत आहे, ऊस आहे आणि काटेरी बाभळी आहेत. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक गाड्या करून येतात. सुगरण बघायला कुठेही जावे लागत नाही. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याने सायकलवरून जाताना कडेच्या झाडांवर नजर ठेवली तरी खोपे दिसतात.

नाव बाईचे, काम गड्याचे

उत्तम स्वयंपाक करणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या बाईला आपण सुगरण म्हणतो. या पक्ष्याचे नावही तेच. त्यामुळे सगळ्यांना वाटते की खोपा मादीच विणते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनीही सुगरणीच्या खोप्याचे कौतुक आपल्या कवितेत केले आहे. ते कौतुक खरेच आहे, कारण खोपा आहेच तसा. पण पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी जवळ बसून पाहिले तेव्हा दिसले की विणकाम जवळजवळ सगळे नर करतो. मादी खोपा तपासते, पसंत करते आणि मग त्यात संसार करते.

हे नीट पाहिले ते डॉ. सलीम अली यांनी, आणि तेसुद्धा आपल्या महाराष्ट्रात. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. १९३० साली त्यांची नोकरी गेली होती. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे सुगरणींची वसाहत होती. त्यांनी ती रोज पाहिली आणि टिपणे ठेवली. त्यावरचा त्यांचा लेख १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे ते जगभर प्रसिद्ध झाले. भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हा किताब दिला. १९८७ साली ते वारले. गुरुजी म्हणतात, "नोकरी गेली तरी त्यांचे डोळे रिकामे बसले नाहीत."

खोपा कसा विणतात

पहिली पायरी जागेची. नर झाडाच्या अगदी टोकाची, बारीक, लवलवती फांदी निवडतो. झाड काटेरी असले आणि खाली पाणी असले तर फार उत्तम. साप आणि कावळा यांना तेथे पोचणे अवघड जाते. आपल्याकडे त्यासाठी बाभूळ आणि शिंदी ही झाडे सुगरणीला आवडतात. खोपे बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात. याचे कारण मी आमच्या आबांना विचारले. ते म्हणाले, "अगं पोरी, पावसाचं वारं मावळतीकडनं येतं, म्हणून ही पाखरं उगवतीला बिऱ्हाड करत्यात." पक्ष्यांच्या पुस्तकांतही हेच कारण देतात.

दुसरी पायरी दोऱ्याची. नर गवताच्या किंवा उसाच्या हिरव्या पातीवर बसतो. चोचीने पातीच्या कडेला चीर पाडतो. मग चिरेपुढची कड चोचीत धरून भुर्रकन उडतो. तशी पातीची लांब दोरी सोलून निघते. ही दोरी २० ते ६० सेंटिमीटर लांब असते. पात हिरवीच लागते, कारण हिरवी पात वाकते आणि वाळलेली मोडते. विणून झाल्यावर ती वाळते, आणि खोपा घट्ट होतो.

तिसरी पायरी कड्याची. फांदीला दोऱ्या गुंडाळून नर गाठी मारतो. मग त्यांना खाली आणून एक गोल कडे करतो. पायाने धरायचे आणि चोचीने विणायचे, असे त्याचे काम चालते. कडे झाले की तो त्यातच बसतो, जणू झोपाळ्यावर बसला आहे.

चौथी पायरी टोपाची. कड्याच्या वर छप्पर आणि मागे भिंत विणली की खोपा उपड्या टोपासारखा दिसतो. शास्त्रज्ञसुद्धा याला हेल्मेट म्हणतात. एका बाजूला अंड्यांची खोली व्हायची असते आणि दुसऱ्या बाजूला दार. मध्ये आडवी दांडी असते, आपल्या घराच्या उंबऱ्यासारखी. येथपर्यंत यायला सुमारे ८ दिवस लागतात. आणि येथे नर थांबतो!

पाचवी पायरी नळीची. पण ती लगेच येत नाही. मधे एक मोठी गोष्ट घडावी लागते. ती आता सांगते.

पसंतीचा कार्यक्रम

आपल्याकडे लग्न ठरवताना मुलगी बघायला जातात. सुगरणीत उलटे आहे. तेथे मादी घर बघायला येते. माद्यांचा थवा आला की सगळे नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकतात. पंख जोरजोराने फडफडवतात आणि चिट् चिट् चीऽऽ असा एकच गलका करतात. आमच्या विहिरीवर हा गलका सुरू झाला की आजी म्हणते, "आली वाटतं पाव्हणी मंडळी."

मादी एकेका खोप्यात शिरते. आतल्या दांडीवर बसते. चोचीने दोऱ्या ओढून बघते. बाजारात आई पिशवीचे बंद ओढून बघते, तसेच. नाही आवडले तर ती शेजारच्या खोप्यात जाते. नर बिचारा परत फडफडत राहतो. नंतरच्या एका अभ्यासात असेही दिसले की मादी विणकामापेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. म्हणजे वीण कितीही सुंदर असली आणि जागा धोक्याची असली, तर खोपा नापास.

मादीने खोपा पसंत केला की जोडी जमते. मग नर पुढचे काम पुरे करतो. अंड्यांची खोली बंद करतो आणि दाराला खाली लोंबती लांब नळी विणतो. मादी आतून थोडी डागडुजी करते. ज्याचा खोपा कोणालाच आवडत नाही, तो नर तो टोप तसाच सोडून दुसरा विणायला घेतो. तर मित्रांनो, झाडावर जे बिननळीचे वाळलेले टोप दिसतात, ते आळशीपणाने सोडलेले नसतात. तेथे कोणी आठ दिवस राबले होते, पण पसंती आली नाही.

सलीम अलींनी आणखी एक गोष्ट शोधली. मादी अंड्यांवर बसली की नर तेथे थांबत नाही. तो जवळच दुसरा खोपा विणायला लागतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. असे एका पावसाळ्यात त्याचे एकापेक्षा जास्त संसार होतात.

थोडे गणित

एक खोपा पुरा करायला नराला सुमारे १८ दिवस लागतात आणि सुमारे ५०० खेपा कराव्या लागतात. गुरुजींनी वर्गात यावर गणित घातले. गवत झाडापासून १०० पावलांवर असेल, तर एका खेपेला जाऊन येऊन २०० पावले. ५०० खेपांची किती? उत्तर १ लाख पावले! चिमणीएवढा पक्षी एका घरासाठी १ लाख पावलांएवढे उडतो. गवत आणखी लांब असेल तर आणखी जास्त.

आता दुसरे गणित. मादी २ ते ४ पांढरी अंडी घालते. ती एकटीच अंडी उबवते. त्याला १४ ते १७ दिवस लागतात. पिल्ले बाहेर आल्यावर उडायला आणखी सुमारे १७ दिवस लागतात. तेव्हा विणकामाचे १८, उबवण्याचे १५ आणि पिल्लांचे १७ धरा. बेरीज ५० होते. म्हणजे दीड महिन्याहून जास्त. आषाढात सुरू केलेला खोपा भाद्रपदापर्यंत भरलेला असतो, आणि उशिरा सुरू केलेला त्याच्याही पुढे.

खोप्याच्या आत काय असते

गेल्या वर्षी वाऱ्याने पडलेला एक जुना, रिकामा खोपा गुरुजींनी वर्गात उघडून दाखवला. आत वर चढून गेले की एक छोटी वाटी लागते. अंडी तेथे असतात. दाराची नळी खाली तोंड करून असते, म्हणून पाऊस आत जात नाही. साप आला तरी त्याला आधाराशिवाय नळीतून वर चढणे कठीण जाते.

तो खोपा मी घरी आत्याला दाखवला. माझी आत्या बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये कपडे शिवण्याचे काम करते. तिने दोऱ्या चाचपून पाहिल्या आणि म्हणाली, "ह्याला सुई नाही, मशीन नाही, तरी एक टाका सुटत नाही. आमच्या तपासणीत हा माल पहिल्या फटक्यात पास होईल!"

खोप्यात मातीचे वाळलेले गोळे पण होते. आजी सांगते की सुगरण चिखलात काजवे चिकटवून घरात दिवा लावते. ही गोष्ट पुष्कळ गावांत सांगतात. चिखलाचे गोळे खरे आहेत, पण काजव्याचा दिवा फक्त गोष्टीतला आहे. खोपा वाऱ्याने फार हेलकावू नये म्हणून चिखलाच्या वजनाचा उपयोग होत असावा, असे काही अभ्यासक मानतात.

दूर देशातला मांडववाला

घर दाखवून मादीला बोलावणारी आपली सुगरण. पण नुसता मांडव दाखवून बोलावणारा एक पक्षी जगात आहे. तो ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनी बेटावर राहतो. त्याला बॉवरबर्ड म्हणतात. बॉवर म्हणजे मांडव किंवा कुंज. गुरुजींनी शाळेच्या टीव्हीवर त्याची फिल्म दाखवली.

त्यातल्या एका जातीचा नर निळाकाळा आणि चकचकीत असतो. तो जमिनीवर काटक्या उभ्या रोवून दोन भिंती करतो. मध्ये गल्ली ठेवतो. समोरच्या अंगणात निळ्या वस्तू मांडतो. पूर्वी तो निळी पिसे आणि निळी फुले आणायचा. आता माणसांनी टाकलेली निळी बाटलीची झाकणे, चिमटे आणि नळ्याही आणतो. शेजाऱ्याच्या अंगणातून चोरूनही आणतो! वनस्पती चावून त्याचा रंग भिंतींना फासतो. मादी आली की चोचीत एखादी वस्तू धरून नाचतो. मादी पुष्कळ मांडव पाहते आणि एक नर पसंत करते.

पण गंमत पुढे आहे. त्या मांडवात कोणीच राहत नाही. मादी लांब झाडावर जाते, स्वतः काटक्यांचे घरटे बांधते आणि एकटीच पिल्ले वाढवते. नर मांडवातच सजावट करीत बसतो. दोन्ही पक्ष्यांत पसंती मादीचीच. मात्र आमच्या वर्गातल्या मुलींनी मते दिली, तेव्हा सगळी मते सुगरणीच्या नराला पडली, कारण त्याचे बांधकाम निदान पिल्लांच्या उपयोगी पडते.

सुगरण आणि आपली कणसे

येथे शेतकरी पालक म्हणतील, "सगळं खरं, पण पोरी, ही पाखरं आमची कणसं खातात." हे खरे आहे. सुगरण गवताचे बी खाते तशी ज्वारी-बाजरीही खाते. त्यासाठी शेतात माळा घालून गोफण फिरवावी लागते. पण पिल्लांना नुसते दाणे चालत नाहीत. त्यांना नाकतोडे, अळ्या आणि किडे भरवतात. खोपे भरलेले असतात ते दिवस पावसाळ्याचे, म्हणजे आपल्या पिकांवर अळी पडते तेच दिवस. पक्षी दाणे मागतो आणि थोडी राखणही करतो.

कोणता खोपा भरलेला, कोणता रिकामा

झाडावर न चढता, दगड न मारता हे ओळखता येते. लांब उभे राहून दहा मिनिटे बघावे.

हिरवा टोप, नळी नाही, नर लटकतो आहे: पसंतीची वाट बघणे चालू आहे.
वाळलेला टोप, नळी नाही, कोणी येत नाही: नापसंत खोपा.
नळी आहे आणि पक्षी ये-जा करतो: आत अंडी किंवा पिल्ले आहेत.
नळी आहे, वाळला आहे, दिवाळी होऊन गेली आणि कोणी येत नाही: संसार उठून गेला.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मी याप्रमाणे मोजले. एकूण २३ खोपे होते. त्यांतले ९ नळीचे, ८ हिरवे टोप आणि ६ वाळलेले टोप. ती बाभूळ यंदा तोडायची असे घरात चालले होते. तिचे काटे पायात मोडतात आणि पाला विहिरीत पडून मोटारीच्या जाळीला अडकतो. मी ५० दिवसांचे गणित वहीत लिहून आबांना दाखवले. ९ खोप्यांत प्रत्येकी ३ पिल्ले धरली तरी २७ होतात, हेही दाखवले. आबांनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, "दिवाळी होऊ दे. मग बघू, नुसत्या रस्त्याकडच्या फांद्या काढल्या तर भागतंय का." पप्पांनी जाळी दर रविवारी साफ करायचे कबूल केले आहे.

आता सर्वांना विनंती. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. त्याच वेळी नळीचे खोपे भरलेले असतात. आराशीला शोभतो म्हणून खोपा तोडला, तर आतली अंडी फुटतात आणि पिल्ले विहिरीत पडतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही पक्ष्यांची घरटी आणि अंडी सुरक्षित राहावीत म्हणूनच सांगतो. आराशीला खोपा हवाच असेल, तर गवताचा किंवा सुतळीचा आपण विणावा. मी प्रयत्न केला. दोन हात आणि दहा बोटे असून मला कड्यापर्यंतच जमले. दिवाळीनंतर खाली पडलेला रिकामा खोपा शाळेत आणायला हरकत नाही. झाडावरचे मात्र तेव्हाही राहू द्यावेत. थंडीत मुनिया नावाचे छोटे पक्षी अशा जुन्या खोप्यांत राहायला येतात. त्यांना विणता येत नाही असे चांगले घर फुकट मिळते.

या लेखाच्या खाली गुरुजींनी कोरा कागद डकवला आहे. त्यावर चार रकाने आखले आहेत: विहीर किंवा झाड कोठे आहे, नळीचे खोपे किती, हिरवे टोप किती, वाळलेले टोप किती. आपापल्या मळ्यात मोजून या आणि पेन्सिलीने लिहा. पालकांनीही लिहावे. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधली आहे. १२ नोव्हेंबरला सलीम अलींचा वाढदिवस असतो. त्या दिवशी आपण सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करणार आहोत.

— इयत्ता चौथी